मुखवटा हलत नाही, तरी महिषासुर चिडतो

होळी झाली की जव्हार-मोखाड्याला बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, वेध लागतात. पालघर जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी अशी वस्ती. उन्हाळ्यात एकेका गावाचा बोहाडा आपापल्या तिथीला उभा राहतो आणि रात्र रात्र चालतो. गणपती येतो, सरस्वती येते. मागून मारुती, नरसिंह, रावण, त्राटिका. शेवटाला देवी आणि महिषासुराची लढाई. संबळ आणि सनई वाजत असते, त्या तालावर सोंग पुढेमागे झुलत येतं. बोलणं जवळपास नाहीच. तोंडावर मुखवटा: पूर्वी लाकडाचा, आता बहुधा कागदाच्या लगद्याचा. जव्हार तालुक्यातलं रामखिंड गाव या कामासाठी ओळखलं जातं. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, वर भडक रंग. एकदा वाळला की त्या चेहऱ्यावरची रेघही हलत नाही.

तरीही भोवती दाटीवाटीने बसलेल्या माणसांना महिषासुर कधी माजलाय, कधी बिथरलाय आणि कधी त्याची गाळण उडालीय, हे बरोबर कळतं.

कसं कळतं, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. पाच वर्षांनी डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत पोचवली. सॅलोव्ही-मेयर यांच्या मांडणीत या बुद्धिमत्तेची पहिली पायरी म्हणजे भावना ओळखणं. ती मोजायची तर समोर चेहऱ्यांचे फोटो ठेवायचे, ही रीत. बोहाड्यात नेमका चेहराच झाकलेला असतो!

चेहऱ्याला एवढा मान मिळाला तो बराचसा मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्यामुळे. १९६७-६८ मध्ये ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या फोरे लोकांकडे गेले. छोटीशी गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ याचं मूल वारलं, आणि समोरच्या फोटोंपैकी याचा चेहरा कोणता ते विचारायचं. उत्तरं बहुतांशी अमेरिकेतल्यासारखीच आली. भीती आणि आश्चर्य यांची मात्र गल्लत झाली. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे जगभर सारखेच, हे सूत्र पुढे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

त्याला एक मोठा धक्का बसला तो त्याच देशातून. ट्रोब्रियांड बेटांवर कार्लोस क्रिव्हेली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या किशोरवयीन मुलांना विस्फारलेले डोळे आणि उघडं तोंड असलेला चेहरा दाखवला. आपण ज्याला घाबरलेला म्हणू, तो चेहरा त्यांना रागाचा, धमकावणारा वाटला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्राटिकेच्या मुखवट्याचे डोळेही बाहेर आलेले असतात, जबडा उघडा असतो, आणि तिला घाबरलेली कुणीच म्हणत नाही. त्यासाठी ट्रोब्रियांडपर्यंत जायची गरज नव्हती, असं मोखाड्याचं पोरही सांगेल.

२०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चौघांनी हजाराहून अधिक शोधनिबंध चाळून निष्कर्ष काढला, की रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो तो फार तर दहातल्या तीन वेळा. उरलेल्या वेळी तो गप्प बसतो, हसतो, रडतोसुद्धा. आणि नुसत्या आठ्या पडल्या म्हणून माणूस रागावलेलाच असतो असं नाही. तो हिशेब करत असेल, किंवा त्याचं पोट दुखत असेल.

मग आपण वाचतो तरी काय? अंग. हिलेल अव्हिएझर, याकोव्ह ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी टेनिसपटूंचे फोटो घेतले: कुणी महत्त्वाचा गुण जिंकला त्या क्षणाचे, कुणी गमावला त्या क्षणाचे. नुसते चेहरे दाखवल्यावर जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हे लोकांना सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं, तर लगेच सांगता आलं. जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याच्या धडावर चिकटवला तर लोक धडाकडे पाहून निकाल देत. गंमत पुढेच आहे. अख्खा फोटो पाहणाऱ्यांना वाटत होतं, की आपल्याला हे चेहऱ्यावरूनच समजलं. हा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

त्याआधी, १९९६ मध्ये, विनंड डिट्रिख आणि सहकाऱ्यांनी तर शरीरही काढून टाकलं होतं. नर्तकांच्या अंगावर ठिकठिकाणी प्रकाशाचे ठिपके, बाकी मिट्ट काळोख. हलणाऱ्या ठिपक्यांखेरीज काही दिसत नाही. तरी राग, भीती, शोक, आनंद अशा भावना प्रेक्षकांनी ६३ टक्के वेळा बरोबर ओळखल्या. पूर्ण उजेडात हे प्रमाण ८८ टक्के होतं. बोहाड्याचा नाचणारा हेच करतो. मुखवट्याच्या बारीक भोकांतून त्याला स्वतःला फारसं दिसत नाही, पण त्याचे खांदे, गुडघे, तलवारीचा हात सगळ्या गावाला दिसतात. सोंग बदललं की वाजंत्र्यांची चाल बदलते, आणि कानालाही खबर लागते.

मुखवटाही वाटतो तेवढा मुका नसतो. जपानच्या नो नाट्याच्या मुखवट्यावर मायकेल लायन्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रयोग केले. मुखवटा पुढे झुकवला तर पाहणाऱ्यांना तो बहुधा हसरा वाटे, मागे कलंडला तर दुःखी. लाकूड तेच, बघण्याचा कोन बदलला की ओठांची कमान वेगळी दिसते आणि मेंदूला वाटतं स्नायूच हलले. मात्र ब्रिटिश आणि जपानी प्रेक्षकांची उत्तरं सगळीकडे जुळली नाहीत. मुखवटा फार पुढे झुकला की जपानी डोळ्यांना तो पुन्हा उदास भासू लागे. बघायचं कसं, हेही माणूस बघत बघतच शिकतो. बोहाड्याला पूर्वी टेंभ्यांचा उजेड असे. ज्योत हलली की सावल्या सरकत, म्हणजे नाचणाऱ्याने मान वळवण्याआधीच मुखवटा ‘हलत’ असणार. आता विजेचे दिवे लागतात. सोय झाली, पण मुखवट्याचं नुकसानच झालं म्हणायचं.

बोहाडा बघताना आईच्या मांडीवरची पोरं रडतात ती वेगळ्याच कारणाने. १९६९ मध्ये ऱ्हेटा डिव्ह्रीज यांनी मेनार्ड नावाच्या एका शांत मांजराला मुलांसमोर कुत्र्याचा मुखवटा घातला. मागचा भाग सतत समोर दिसत असूनही तीन वर्षांच्या अनेक मुलांना ते खरंच कुत्रं झाल्यासारखं वाटलं, काही घाबरलीही. सहा वर्षांची मुलं मात्र सांगत, मांजरच आहे, तोंड तेवढं बदललंय. मुखवट्यामागे आपलाच काका आहे, हे ठाऊक असून तीन वर्षांचं पोर हंबरडा फोडतं, त्याला भित्रं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं. त्याची समज अजून तिथवर आलेली नाही.

आणि काका आहे, यालाही महत्त्व आहे. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात दरवर्षी लोक निखाऱ्यांवरून चालतात. तिथे इव्हाना कोन्व्हालिंका, दिमित्रिस झिगालाटास आणि सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. चालणाऱ्याच्या नात्यागोत्यातली माणसं नुसती बसून होती, तरी त्यांच्या ठोक्यांची चढउतार त्याच्या ठोक्यांशी जुळत गेली. अनोळखी प्रेक्षकांची जुळली नाही. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोहाड्यात सोंग कुणी नाचवायचं, हे कित्येक गावांत घराण्यानुसार ठरलेलं असतं. मुखवट्यामागे कोण आहे, हे गावाला आधीच माहीत असतं. हल्ली मुंबई-नाशिकहून कॅमेरे घेऊन येणारी मंडळी पुढे सरसावून मुखवट्याचे जवळून फोटो घेतात. गावकरी पायांकडे बघत असतात, आणि त्या पायांचा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो.