पासबुकातली अनोळखी ओळ

मंडळी, नेरे-वावंज्याकडून आपण बाजाराला पनवेलला येतो, जाताजाता बँकेत पासबुक भरून घेतो आणि घरी नेऊन ट्रंकेत टाकतो. एखाद्या वेळी त्यात एक ओळ निघते : ‘४३६ रुपये नावे’. आपण काढले नाहीत, कोणाला द्यायला सांगितले नाहीत. मग गेले कुठे?

४३६ रुपये हा बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो; २० रुपये असले तर सुरक्षा विम्याचा. योजना चांगल्या आहेत, पण ऐच्छिक आहेत. खातेदाराने संमती दिली, तरच हप्ता परस्पर कापता येतो. कर्जाच्या हप्त्याचे नि विजेच्या बिलाचेही तसेच. आज्ञा तुमची हवी.

आणि आज्ञाच नसेल तर? बँकेतला पैसा म्हणजे बँक तुमचे देणे लागते. तुम्ही धनको, ती ऋणको. तुमच्या हुकमाशिवाय तिने दुसऱ्याला पैसे दिले, तर ते तिच्या पदरचे गेले. १९८७ साली कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. एका कंपनीच्या हिशेबनिसाने खोट्या सहीचे चेक वटवले होते. खातेदाराने हिशेब वेळेवर तपासला नाही, ही बँकेची सबब न्यायालयाने मानली नाही.

म्हणून निर्धास्त राहायचे का? नाही. मोबाइल, कार्ड यांच्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली नियम घालून दिले. चूक बँकेची, तर तुमचा तोटा शून्य. चूक बँकेचीही नाही नि तुमचीही नाही, तिऱ्हाइतानेच हात मारला, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवा; तेव्हाही तोटा शून्य. चार ते सात दिवस लावलेत, तर साध्या बचत खात्यावर दहा हजारांपर्यंतची झळ तुम्हाला. ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितलात, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान तुमचे. मात्र दोष खातेदाराचा होता, हे शाबीत करण्याचे ओझे बँकेवर ठेवले आहे.

तेव्हा अनोळखी ओळ दिसली, की काउंटरवर हुज्जत घालत बसू नका. साध्या कागदावर तारीख, रक्कम लिहा आणि एवढेच मागा : ‘माझी संमती दाखवा, नाहीतर पैसे परत जमा करा.’ अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर शिक्का मारून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही. फसवणूक असेल, तर आधी १९३० क्रमांक फिरवा.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गावातल्या ज्या आजीला अक्षर लागत नाही, तिचे पासबुक महिन्यातून एकदा तिला वाचून दाखवा. तिचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. पण पैसे कापले गेले, हे आधी तिला कळले तर पाहिजे!