लांबची वाट

वणीच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी रोकड जुळली नाही की राग घरी निघे. एकदा बारा रुपयांच्या फरकापायी मुलावर हात उगारला. तो मागे सरला. त्याचं ते मागे सरणं मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटर घरीच ठेवली. निर्गुडेच्या काठाकाठाने, लांबच्या वाटेने परतू लागलो. पहिली दहा मिनिटं डोक्यात खातेवह्याच असत. मग श्वास पावलांशी जुळे, खांदे सैल होत. फरक मिटत नसे. पण तो उंबऱ्याच्या आत येत नसे.

चालणं या मातीला नवं नाही. पवनारचे विनोबा १९५१ पासून सुमारे तेरा वर्षं भूदानासाठी चालले. आपल्याला एवढं नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. वैदर्भी उन्हाळ्यात ते उजाडतानाच उरकावं, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यापासून दूर.

परवा मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा, आज ऑफिसातून चालतच घरी आलो."

मी कारण विचारलं नाही.