फूलबागेतली फुंकर

दारू प्यायल्याचा पुरावा एके काळी पोलिसाच्या नाकात असे. वास आला, पाय लटपटले, जीभ जड झाली की प्रकरण तयार. १९३९ च्या मूळ मोटार वाहन कायद्याला मोजमापाशी देणंघेणं नव्हतं. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतपत अंमल, एवढंच तो म्हणे. आता इतपत म्हणजे किती, यावर वकिलांची पोटं भरली. १९७१ मध्ये बच्चूभाई करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या नाकावरच बोट ठेवलं. तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या, हे सगळं असूनही रक्त तपासलेलं नसेल तर दारूबंदी कायद्याखाली प्यायल्याचं सिद्ध होत नाही, असा तो निकाल. पुढे कित्येक वर्षं वकिलाच्या बॅगेत हा दाखला कायमचा असायचा.

मग संसद दुसऱ्या टोकाला गेली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १८५ मध्ये रक्तात अल्कोहोल ‘कितीही अल्प प्रमाणात’ असलं तरी गुन्हा ठरला. हे टिकणारं नव्हतंच. १९९४ च्या दुरुस्तीनं मर्यादा घातली: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि तेही ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत. नाक गेलं, यंत्र आलं.

ग्वाल्हेरात रात्रीच्या तपासणीचं नाव निघालं की फूलबाग चौक आठवतो. एका बाजूला राणी लक्ष्मीबाईंची समाधी, दुसऱ्या बाजूला माधवराव शिंद्यांची बाग. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकाच परिसरात असलेली ही बाग १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी खुली झाली. पडाव, शिंदे की छावणी, लष्कर, कुठूनही कुठेही जायचं तर वाट इथूनच, त्यामुळे बॅरिकेड टाकायला यासारखी जागा नाही. मध्य प्रदेशात वाहतूक पोलिसांत सूबेदार हे पद असतं. हा सूबेदार काचेवर टकटक करतो, यंत्राला नवी नळी लावतो, ‘फूंक मारो भैया’ म्हणतो. आकडा उमटतो, छोटी पट्टी छापून येते. त्या पट्टीवर तारीख, वेळ, आकडा असतो आणि पुढचा सगळा खटला तिच्यावर उभा राहतो. कागद मात्र उष्णतेवर छापणारा, चार-सहा महिन्यांत अक्षरं फिकी पडतात. शहाणा माणूस दुसऱ्याच दिवशी तिची झेरॉक्स काढतो.

दंड वाढायच्या आधी जुन्या वकिलांचा सल्ला दोन शब्दांचा होता: कबूल करा. दंड जास्तीत जास्त दोन हजार, न्यायाधीश त्याहून कमीही घेत, कैद क्वचित. तारखांवर तारखा घेण्यापेक्षा हे स्वस्त पडे. दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच शिक्षा वाढायची.

त्या काळी दारू आणि मृत्यू एकत्र आले तरी आरोप बहुधा निष्काळजीपणाचाच लागे. मुंबईत, वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण गेले. चालकाच्या रक्तात मर्यादेच्या जवळजवळ चौपट अल्कोहोल होतं. सत्र न्यायालयानं सहा महिने दिले, उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. ‘कबूल करा’ हा सल्ला अशा प्रकरणात द्यायची हिंमत त्यानंतर कोणी करेना.

१ सप्टेंबर २०१९ ला दंड पाचपट झाला: पहिल्यांदा दहा हजार, पुन्हा सापडलात तर पंधरा हजार, आणि तीन वर्षांची ती सवलत कायद्यातून गेली. ‘पर्यंत’ हा शब्दही गेला, त्यामुळे न्यायाधीशाला रकमेत हात आखडता घेता येईना. मध्य प्रदेश सरकारनं मात्र नवे दर लगेच लागू केले नाहीत आणि इथेच पुष्कळांची फसगत झाली. राज्याला दर ठरवता येतात ते चौकात तडजोडीनं मिटणाऱ्या गुन्ह्यांचे, म्हणजे हेल्मेट, पट्टा वगैरेंचे. कलम १८५ ची तडजोड चौकात होतच नाही, ते प्रकरण न्यायालयात जातं आणि तिथे केंद्राचा आकडा चालतो. हेल्मेटला जुन्या दरानं पावती फाडणारा माणूस दारूच्या प्रकरणात दहा हजार ऐकून चक्रावला, तो यामुळे.

चलानही बदललं. मोतीमहाल, जिथे एकदा शिंदे संस्थानाचं सचिवालय होतं, तिथल्या कंट्रोल रूममध्ये आता चौकाचौकांतले कॅमेरे दिसतात. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमानं कॅमेऱ्यावरून निघालेल्या चलानाची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची आणि चित्रीकरण प्रकरण मिटेपर्यंत जपायचं असं ठरवलं. ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्सच्या सवलतीत घेतलेली गाडी पुढे विकायची आणि नाव बदलायचं राहून जायचं, हे इथे घरोघरी घडतं. मग नव्या मालकाची चलानं जुन्याच्या मोबाइलवर. यात वकील काही करू शकत नाही, आरटीओतच जावं लागतं.

२०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस खटल्यात सांगितलं, की चाचणी झालेली नसली तरी परिस्थितीवरून विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते. १९७१ च्या दाखल्यावर विसंबणाऱ्यांना हे झोंबलं. फौजदारीत सुटलेला माणूस गॅरेजचं बिल स्वतः भरणार!

१ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातले दारूचे अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. हेतू चांगला होता. बसायची जागा गेली तरी पिणारे गेले नाहीत, आणि गाडीतच बसून पिणाऱ्यांना घरी तीच गाडी न्यायची असते. हा माझा अंदाज, पण फारसा चुकणार नाही.

आणि २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात, कल्याणीनगरला, मध्य प्रदेशातले दोन तरुण अभियंते पोर्शे गाडीखाली गेले. आरोपी मुलाचा रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. यंत्रावर आणि रक्तावर विश्वास ठेवायला शिकलेल्या व्यवस्थेला हा मोठाच तडाखा होता.

आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरातून रात्री बाराला वकीलकाकांना फोन जातो, तेव्हा काका आधी झापतात आणि मग सांगतात: ‘अरे, पळू नकोस, हुज्जत घालू नकोस. फुंकायला नकार देऊ नकोस, तो नकारच कलम २०५ खाली तुझ्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. आकडा खोटा वाटत असेल तर रक्ततपासणी मागून घे. अटक केली असेल तर दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. अटकेची वेळ लिहून ठेव. पैसे देऊन मिटवायला जाशील तर दुसरा गुन्हा होईल. लायसन्स ठेवून घेतलं तर पावती माग. आणि गाडी आणायला न प्यायलेल्या, लायसन्सवाल्या माणसाला पाठव, तुझ्या त्या मित्राला नको.’