रानकोंबड्याची पारध आणि आपली कुत्री



दिवाळी सरते, हळवे भात केव्हाच घरात आलेले असते, गरव्याची झोडणीही आटोपते आणि मग मुरबाड-शहापूरकडच्या गावांत आठ-पंधरा दिवस जरा मोकळे मिळतात. उडव्या रचून झालेल्या असतात, वालाला अजून शेंग धरायची असते. नेमका अशाच वेळी कल्याण-डोंबिवलीला नोकरीस असलेला भाचा किंवा मेहुणा दोन मित्रांना घेऊन गावी येतो. रात्री ओट्यावर गप्पा रंगतात आणि कोणीतरी हळूच विषय काढतो, "उद्या पहाटे जायचं का रानात? कुत्री आहेतच की!"

खत-बियाण्यांविषयी तुमच्याशी मी नेहमीच बोलतो. आज या पहाटेच्या बेताविषयी बोलणार आहे. आणि हे मी सोवळे नेसून सांगत नाही. मी स्वतः हाका घातलेला आहे.

१९८२ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. माळशेजच्या पायथ्याकडे माझ्या मामाचे गाव. मामाकडे ठासणीची बंदूक होती, तिचा परवाना पीकसंरक्षणाचा. कल्याणहून मामाचे दोन दोस्त आले होते, त्यांतल्या एकाजवळ दुनळी. गावातले दोघे ठाकूर गडी, मामा, मी आणि तीन कुत्री अशी आमची टोळी. कुत्री म्हणजे काही जातिवंत नव्हेत. वाघ्या, मोती आणि चांदी, तिन्ही गावठी. कारवानी किंवा मुधोळ कुत्रा उघड्या माळावर सशाच्या मागे धावावा तो त्यानेच, पण आमच्याकडच्या कारवीच्या गचपणात त्याच्या लांब पायांचा उपयोग नाही. तिथे बुटके, काटक, नाकाचे कुत्रे लागते. चांदी तशी होती. रंगाने पांढरट, एक कान दुमडलेला, आणि काम नसले की दिवसभर पेंढ्यात झोपलेली.

पहाटे चहा पिऊन निघालो तेव्हा दव इतके होते की गुडघ्यापर्यंत पायजमा भिजला. ओढ्याच्या दोन्ही अंगांना कारवी, मधे बांबूची बेटे. वरच्या टेपाडावर बंदूकवाले बसले आणि खालून आम्ही हाका घालू लागलो. काठीने झुडपे बडवायची, तोंडाने हाऽ हाऽ करायचे. कुत्र्यांना काही सांगावे लागत नव्हते. मोती पुढे पुढे पळून सगळे उठवून लावी, त्याला धीर नव्हता. चांदी मात्र नाक जमिनीला लावून नागमोडी चाले आणि एकाएकी थबके. ती थबकली की समजावे, पुढे काहीतरी आहे.

पहिला रानकोंबडा फडफडून उठला तो मोतीमुळे. ठासणीचा बार झाला, धूर झाला आणि पाखरू खाली आले. पण ते मेले नव्हते. पंख मोडलेला कोंबडा कारवीत पळाला. जखमी रानकोंबडा पळू लागला तर माणसाच्या हाती लागत नाही. पाला अंगावर घेऊन असा दबून बसतो की शेजारून गेलात तरी दिसणार नाही. मामा "गेला" म्हणाला. चांदी मात्र माग काढत गेली आणि बऱ्याच वेळाने तोंडात कोंबडा धरून आली. एक दात लागू दिला नव्हता. तिला हे कोणी शिकवले होते? विलायतेत असे पडलेले पाखरू आणून देण्यासाठी लॅब्रॅडॉरसारख्या जाती मुद्दाम जोपासल्या आणि त्यांना महिनोन् महिने शिकवतात. आमची चांदी पेंढ्यातून उठून ते करीत होती. तिचे मला आजही कौतुक वाटते, आणि त्या सकाळची मौज वाटली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

दुसरा कोंबडा उठला तो खालूनच, झुडपांच्या उंचीने सरळ आमच्याच बाजूला आला. दुनळीवाल्याने बंदूक त्याच्याबरोबर फिरवली आणि बार टाकला. छर्रे माझ्या बाजूच्या कारवीत सळसळत गेले. पावसाचा सडाका यावा तसा तो आवाज होता. मी खाली बसलो. चांदी केकाटत आली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यातून रक्त येत होते.

माझ्यात आणि तिच्यात पाच-सहा हातांचे अंतर असेल. त्या गृहस्थाने बंदूक तिथेच खाली ठेवली आणि घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. सात तोंडांना एक कोंबडा, त्याचा रस्सा कोणी नीट जेवले नाही. मामीने मामाला जे सुनावले ते इथे छापण्यासारखे नाही. चांदीचा डोळा गेला.

तेव्हा कायदा नव्हता असे समजू नका. मुंबई राज्याचा वन्यपशुपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ चा, देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे पाखरे मारण्याचा परवाना नव्हे, हेही तेव्हा खरेच होते. आमच्यापैकी कोणी ते वाचले नव्हते एवढेच. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार पुरतेच बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक केल्या. आज साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण गावागावांत तिच्याबद्दल गैरसमज आहे. आपली पोरे म्हणतात, "बंदूक पाहुण्याची, आम्ही नुसते सोबत गेलो." कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. फासा लावणे, पकडणे, हाकून काढणे, कुत्री मागे घालणे, आमिष टाकणे, अंडी-घरटी मोडणे, एवढेच काय तसा प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच मोडते. म्हणजे ज्याच्या हातात नुसती काठी आहे तोही आरोपी, आणि ज्याची कुत्री तोही. ज्या मोटारसायकलीवरून गेलात तीही जप्त होऊ शकते. पाहुणा सोमवारी लोकल गाडीने कामावर जाईल, पण गावातल्या पोराला वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा पुरतील. पोलीस भरतीची तयारी करणारी किती पोरे तुमच्या गावात आहेत ते मोजा.

कोर्टापेक्षाही वाईट घडते. २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, बोरशेतीच्या जंगलात, २०२५ च्या जानेवारीअखेरीस रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांच्या टोळीत आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली गेली आणि तो दगावला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली आणि कारवीतली ती सळसळ मला पुन्हा ऐकू आली.

शिकलेला एखादा पाहुणा विचारतो, "मग विलायतेत कसे चालते?" प्रश्न रास्त आहे. तिकडे फेझंट नावाचे लांब शेपटीचे पाखरू मारतात. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. चार दोस्त, दोन कुत्री आणि दुपारचे जेवण, असा घरगुती बेत तिकडेही असतो. पण तिथले पुष्कळसे फेझंट यंत्रात उबवून, जाळीत वाढवून, मग रानात सोडलेले असतात. जसे आपण तळ्यात मत्स्यबीज सोडतो तसे. आपल्या रानकोंबड्याला कोणी उबवून सोडत नाही. तलंग फेब्रुवारी ते मेच्या सुमारास पाल्यात चार-सात अंडी घालते. त्यांवर घोरपड, मुंगूस, साप आणि वणवा यांचा वाटा आधी असतो. उरते ते आपल्या वाट्याचे नव्हे.

हे पाखरू फेझंटच्याच कुळातले बरे का. मोर, तितर, लावा आणि आपली घरची कोंबडी, सगळी एका कुळाची. घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा; तो उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या रानांत असतो. आपल्या सह्याद्रीत असतो तो राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे चमकदार ठिपके असतात. त्या पिसांनी इंग्रज लोक मासेमारीच्या गळासाठी खोट्या माशा बांधत, त्यापायी एके काळी पुष्कळ कोंबडे मेले. २००८ साली स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग आला तो लाल रानकोंबड्याकडून नव्हे, तर या आपल्या राखी रानकोंबड्याकडून. म्हणजे कधी काळी इथल्याच कोणाच्या तरी अंगणात हा सोयरा येऊन गेला असला पाहिजे. घरातल्या मंडळींनी आपल्या खुराड्यातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या पाहाव्यात, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

शेतीच्या हिशेबानेही तो आपला वैरी नाही. पडलेले दाणे, घाणेरीची बोरे, बांबूचे आणि कारवीचे बी, वाळवी आणि किडे हा त्याचा आहार. कारवी सात वर्षांनी फुलून बी धरते तेव्हा हे कोंबडे त्या उतारावर गोळा होतात. खळ्याच्या कडेला येऊन मूठभर भात टिपले तर टिपले. नासाडी करतात ती रानडुकरे, ते तुम्ही जाणताच.

तेव्हा कुत्र्यांना काम हवे असेल तर ते शेतात आहे. एका डोळ्याच्या चांदीला मामाने पुढल्या हंगामापासून नाचणीच्या माळ्याखाली बांधायला सुरुवात केली. डुक्कर बांधापाशी येण्याआधी ती गुरगुरे आणि मामा डबा बडवी. बांधायचे मात्र हं! मोकळे कुत्रे डुकराच्या अंगावर जाते आणि सुळ्याने फाटते. दोन कुत्री दोन कोपऱ्यांना असली तर एकाचे ऐकून दुसरे भुंकते आणि माणसाला आळीपाळीने झोपता येते. बांधावर क्लच वायरचे फासे लावू नका. त्यांत डुक्कर अडकेल न अडकेल, बिबट्या किंवा तुमचेच कुत्रे अडकेल. वीज सोडण्याचा तर विचारही नको, त्यात पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारी मरतो. नुकसान झाले तर पीक आवरण्याआधी, उशीर न लावता वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईची तरतूद आहे. डुकरांचा उपद्रव फारच झाला तर त्यांच्याबाबत वनखात्याकडून परवानगी मागण्याची वाट कायद्यात आहे. ती परवानगी लेखी असते. कोणी तोंडी "मारा, मी बघतो" म्हणाला तर त्याच्या भरवशावर जाऊ नका.

राखणीच्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी दर वर्षी. रानात भटकलेले कुत्रे कोल्ह्या-मुंगसांशी झोंबून येते, आणि घरी आल्यावर लहान पोर त्याच्या गळ्यात पडते. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. इंजेक्शनांचा क्रम मधे सोडू नका.

राहिली पाहुण्यांची गोष्ट. त्यांना रिकाम्या हाती परत पाठवा असे मी म्हणत नाही. वालाला शेंग धरली की त्यांना पुन्हा बोलवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, मधे मीठ-मसाला लावलेली घरची गावठी कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडके पालथे घालून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पोपटी शिजायला वेळ लागतो तेवढ्यात गप्पाही होतात. कोंबड्या पुरायला हव्यात म्हणून पिल्ले आतापासून वाढवा, सातव्या दिवसाच्या सुमारास लासोटा लस चुकवू नका. मानमोडी आली की सगळे खुराडे चार दिवसांत रिकामे होते.

आणि बंदुकीच्या जागी दुर्बीण घेऊन ज्याला पहाटे जायचेच असेल त्याने खुशाल जावे, कुत्री घरी बांधून. अभयारण्यात मात्र आधी परवानगी काढावी. शहापूरच्या बाजूला तानसा आहे, तिथे १९७० पासून अभयारण्य आहे. मामाच्या गावच्या ओढ्यात मी मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो. उजाडायच्या आधी कारवीतून एक आरवला, मग पलीकडच्या बेटातून दुसरा. घरच्या कोंबड्याहून वेगळे, तुटक-तुटक आरवणे. मामा आता नाही. त्याची बंदूक पोलीस ठाण्यात कधीच जमा झाली. ओढ्याच्या वरच्या टेपाडावर त्याच्या मुलाने आंब्याची कलमे लावली आहेत, आणि कुंपणापाशी एक पांढरट कुत्री झोपली होती. तिचे नाव विचारायचे राहून गेले.