टोड लेनवरचं दुकान

रॉचडेल, इंग्लंड

परवा तळेगाव ढमढेऱ्याहून भाच्याचा फोन आला. त्याला शिक्रापूर रस्त्याला किराणा दुकान टाकायचंय आणि घरात दोन तट पडलेत. दाजी म्हणतात, धंदा चार पैसे सुटावेत म्हणून करायचा असतो. पोरगा म्हणतो, गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. "मामा, तिकडं कसं करतात?"

त्याला आमच्या रॉचडेलमधल्या टोड लेनची गोष्ट सांगितली. टोड म्हणजे बेडूक. पण बेडकाचा इथं काही संबंध नाही. इथल्या बोलीत 'द ओल्ड लेन', म्हणजे जुनी गल्ली, भराभर म्हणता म्हणता तसं ऐकू येऊ लागलं आणि तेच पाटीवर चढलं. या गल्लीत २१ डिसेंबर १८४४ ला विणकर आणि इतर कामगारांनी मिळून दुकान उघडलं. भांडवल २८ पौंड, तेही आठवड्याला दोन-तीन पेनी बाजूला टाकून जमवलेलं. माल म्हणाल तर वजनानं २८ पौंड लोणी, ५६ पौंड साखर, तीनेकशे किलो पीठ, पोतंभर ओटचं पीठ आणि दोन डझन मेणबत्त्या. आपल्या आठवडे बाजारात फडी मांडणाऱ्याकडेही याहून जास्त निघेल! तिथं आता संग्रहालय आहे. पिंपांवर फळी टाकलेली, शेजारी तराजू, बस्स.

यात दानधर्म कुठंच नव्हता. त्या काळी दुकानदार पिठात तुरटी-खडू मिसळायचे, मापात मारायचे. या मंडळींना आपल्या घरात चांगलं पीठ हवं होतं, एवढंच. भांडवलाला ठरावीक व्याज, उरलेला नफा ज्याची जेवढी खरेदी त्या मानानं परत, आणि उधारी बंद. स्वार्थच हा, पण गिऱ्हाइकाचा.

पुढचं मात्र इथले लोक जरा कमी सांगतात. याच मंडळींपैकी काहींनी १८५४ मध्ये सूतगिरणी काढली आणि नफ्यात कामगारांचा वाटा ठेवला. गिरणी चालली, तसे बाहेरचे भागधारक आले. त्यांना लाभांशाशी मतलब. १८६२ मध्ये मतदान घेऊन कामगारांचा वाटा काढून टाकला.

"हे आपल्या साखर कारखान्याच्या जनरल सभेसारखंच झालं की!" भाचा हसला.

असं होऊ नये म्हणून आता कागदावरच सोय आहे. २००५ पासून इथं 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी' काढता येते. नफा खुशाल कमवा, पण कंपनीची मालमत्ता आपसांत वाटून घ्यायला कायद्यानं कुलूप. मालक किती भला आहे, हे इंग्रज विचारत बसत नाही. तो उद्या बदलेल असं धरूनच चालतो. मला हे पटतं.

भाच्याचं डोकं मात्र उधारीवर अडकलं होतं. "मामा, उसाचं बिल येईस्तोवर आपल्याकडं रोख कोण देणार?"

रॉचडेलच्या विणकराला मजुरी दर आठवड्याला मिळायची. हे मी त्याला सांगितलं, आणि फोनवर दोघंही जरा गप्प झालो.