आधी तिथी, मग गाडी

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव आहे. भोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी. इथून मालवणचा समुद्र रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी आमच्याकडच्या माणसाला समुद्र दिसायचा तो मुंबईला कामाला गेल्यावर, चौपाटीवर उभं राहून. आता सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की दहा-पंधरा जण मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात आणि कोकण गाठतात. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, माशांचं ताट या यादीत अलीकडे आणखी एक नाव आलं आहे, ते म्हणजे स्नॉर्कलिंग. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, चेहरा पाण्यात घालून तरंगायचं आणि खालचं जग बघायचं.

ते जग बघण्यासारखं आहे, म्हणूनच हा लेख. पण इतक्या लांबून जाणारे गट पुष्कळदा हिरमुसून परततात. ‘पाणी गढूळ होतं’, ‘लाटा फार होत्या’, ‘दहा मिनिटांत वर काढलं’. दोष मालवणचा नसतो. आपण तारीख ठरवतो ती शाळेच्या सुटीवरून आणि हॉटेलच्या खोलीवरून. समुद्राचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि ते आपल्या घरात भिंतीवरच टांगलेलं असतं.

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला चार त्रिक बारा भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लागू. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. या हिशेबात थोडा फरक पडतो, पण सहल आखायला तो पुरेसा आहे.

आता दुसरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती उंच चढते, ओहोटी खोल जाते, म्हणजे त्याच सहा तासांत कितीतरी जास्त पाणी इकडून तिकडे धावतं. ओढ वाढते, तळाची वाळू ढवळते, काचेतून दिसतं ते धुकं. अष्टमीच्या आणि तिच्या पुढच्या तीन-चार दिवसांत उलट असतं. त्याला भांगाचं पाणी म्हणतात. चढउतार कमी, ओढ कमी, गाळ खाली बसलेला.

तिसरी गोष्ट शाळेच्या भूगोलातली : खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते आणि दुपारपासून समुद्राकडून वारा जोर धरतो, पाण्यावर लाटा उठतात. सकाळी पाणी त्या मानाने शांत असतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र करून बघा. भांगाचं पाणी हवं, सकाळ हवी आणि भरती भरून पाणी थबकल्याची वेळ हवी, कारण त्या अर्ध्या-पाऊण तासात ओढ सगळ्यात कमी असते. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. म्हणजे कोणत्याही पक्षातली दशमी ते द्वादशी! एकादशीचा उपास गटातल्या बऱ्याच जणांना असणार, तेव्हा मी दशमी किंवा द्वादशी सुचवेन. तिथी धरून गाडी ठरवा, खोल्या त्यानंतर. निघण्याआधी मोबाइलवर मालवणच्या भरतीचं वेळापत्रक पाहा आणि ज्याच्या बोटीत बसणार त्याला विचारून घ्या. त्याचा शब्द शेवटचा.

महिना कोणता? ऐन दिवाळीत जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तेव्हा पुरता बसलेला नसतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं पाणी पाहिलं तरी हे लक्षात येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शेतकऱ्यालाही तो जुळवता येतो : सोयाबीन निघालेलं, रब्बीची पेरणी उरकलेली, कापसाच्या दोन वेचण्यांमध्ये चार दिवस काढता येतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात मात्र जाऊ नये. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत पर्यटकांच्या बोटी बंदच असतात, आणि त्याआधीचे दिवसही भरवशाचे नाहीत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. किनारा जवळ होता. समुद्राने रंग बदलायला सुरुवात केली की मोसम संपला असं समजावं, सुटी कितीही शिल्लक असो.

जायचं कसं, यात फार गुंता नाही. गाडीने सोलापूर, कोल्हापूर करून घाट उतरायचा. वाटेत कोल्हापूरला मुक्काम केलेला बरा, कारण रात्रभर जागून आलेल्या माणसाला पाण्यात उतरवणं चूक आहे. रेल्वेने जायचं तर परभणीहून देवगिरीने मुंबई, रात्री कोकणकन्या, आणि कुडाळ किंवा कणकवलीला उतरून मालवण. पोहोचल्याच्या दिवशी किल्ला पाहून घ्या. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी याचं काम सुरू केलं. विहिरीचं मोल जाणणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाने इथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आवर्जून पाहाव्यात. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी.

किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरच मालवणचं स्नॉर्कलिंग चालतं. हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली घोषित झालेलं हे अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे. खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्रफुलं आहेत, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने फिरतात. अंदमान-लक्षद्वीपसारखं आरपार निळं पाणी इथे नाही, ते मनात धरून जाऊ नका. कोकणासमोरच्या समुद्रात आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा मोठा पठारी प्रदेश आहे, पण तो किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर आणि बुडालेला; तिथे गावच्या सहलीने जायचं नसतं. तरीही पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या गटासाठी मी अंदमानपेक्षा मालवणच निवडेन. खर्च कमी हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण भाषेचं आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी सांगितलेलं प्रत्येक वाक्य गटातल्या आजींपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळलं पाहिजे. मालवणात सांगणारा मराठीत सांगतो, आणि न कळलेलं संकोच न करता पुन्हा विचारता येतं.

तयारी मात्र गावातूनच सुरू करायला हवी. आमच्याकडे पोहायला शिकतात ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. असे पोहणारे धीट असतात, आणि गटात माझं लक्ष जास्त असतं ते त्यांच्याकडेच. विहिरीला काठ असतो. चार हात मारले की पायरी सापडते. समुद्रात पायरी नसते, आणि ओढ उलटी असली तर हात मारूनही माणूस जागचा हलत नाही. पोहता न येणारा मुकाट जॅकेट घालतो, रिंग धरतो, गाइडचं ऐकतो. पोहणारा म्हणतो, ‘मला जॅकेट कशाला?’ त्याला बोटीवर चढण्यापूर्वीच सांगायचं की जॅकेटशिवाय कुणीही उतरणार नाही. खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे शरीर विहिरीपेक्षा हलकं तरंगतं. घाबरणाऱ्याला हे सांगितलं की धीर येतो.

एखादा मास्क आणि नळी आधी विकत आणून शेतातल्या हौदात सराव करावा. मोठ्या माणसाचा हात धरून, हौदाच्या कडेला उभं राहून, फक्त चेहरा पाण्यात. पहिल्या क्षणी प्रत्येक जण श्वास रोखतो. मास्कमध्ये नाकही झाकलेलं असतं, म्हणून सवयीने नाकाने श्वास ओढला की काच चेहऱ्याला चिकटते आणि जीव घाबरा होतो. तोंडाने, सावकाश, लांब श्वास घ्यायचा. चार-पाच मिनिटांत खांदे सैल पडतात, नळीतून येणारा घुऽऽ घुऽऽ आवाज एकसारखा होतो, आणि समजतं की जमलं. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारून बाहेर काढायचं, हेही इथेच शिकून घ्यावं. मुलं विचारतात, नळी लांब केली तर आणखी खोल जाता येईल का? नाही येणार. नळी हातभराहून आखूड असते ती उगीच नाही. खोल गेलं की पाण्याचा दाब छातीला फुगू देत नाही, आणि लांब नळीत आपलीच सोडलेली हवा पुन्हा आत येते.

मिशीचीही एक गोष्ट आहे. आमच्याकडे भरघोस मिशांना तोटा नाही, आणि मास्कची रबरी कड मिशीवर बसली की फटीतून पाणी झिरपतं. मिशीवर व्हॅसलीनचा जाड थर चोपडायचा, की ती फट बुजते. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क मिळतो का हे आधी विचारावं. थोडा असेल तर चालून जातं, कारण पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. बायकांनी साडी-ओढणी न घेता अंगासरशी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे द्याव्यात. असं एक माणूस ठरवूनच ठेवा.

दमा, हृदयविकार, फिट्स, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण : यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उतरू नये. आदल्या रात्री दारू घेतलेल्याला सकाळी पाण्यात सोडू नये, मग तो गटाचा पुढारी का असेना. सकाळी हलकं खावं, घावणे-चहा पुरे. बोट लागण्याचा त्रास असेल त्याने उलटीची गोळी आधी घ्यावी.

आणि मोजणी. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर एका बोटीने डायव्हिंगला नेलेली डोकी चुकीची मोजली आणि एक दांपत्य समुद्रातच राहिलं. ते मागे राहिल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं. दोघे कधीच सापडले नाहीत. म्हणून आपली मोजणी बोटवाल्यावर सोडू नये. गटाच्या जोड्या लावा, पोहणारा आणि न पोहणारा अशी एकेक. जोडीने उतरायचं, जोडीने चढायचं. कागदावर नावं लिहून बोट सुटण्याआधी आणि परत वळण्याआधी नाव घेऊन हजेरी घ्या. शाळेतले गुरुजी सहलीत घेतात तशी.

पाण्याखाली गेल्यावर हात लावायचा नाही. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण जिवंत प्राण्यांची वसाहत असते. ढेपाळ प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. त्यावर पाय टेकला की आपल्या वयाएवढी वाढ एका क्षणात मोडू शकते, आणि खडकावरच्या कालवांच्या धारदार कडांनी आपला तळपायही चिरतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा आणणं हा गुन्हा आहे. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात, म्हणून हवाई बेटांनी २०२१ पासून तशा मलमांच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हा त्यावर सोपा उपाय.

इतकी आखणी करून गेलेल्या गटाचा पाण्यातला वेळ फार तर अर्धा तास असतो. तेवढ्यासाठी सहाशे किलोमीटर? हो, तेवढ्यासाठी. आमच्या मुलांनी प्रवाळ पुस्तकातच पाहिलेला असतो. जे आपल्या राज्याचं आहे ते एकदा तरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

बोटीसाठी फोन कराल तेव्हा दर शेवटी विचारा. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का, बोट किती जणांची, जॅकेट प्रत्येकाला आहे का, लहान मुलांच्या मापाचं आहे का, पाण्यात किती जणांमागे एक गाइड असतो, हे आधी विचारा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर फोन ठेवा आणि दुसऱ्याला लावा. मालवणात चांगल्या बोटवाल्यांची वाण नाही.