नव्या गाडीचं न्यूट्रल

घरात नवी स्पोर्ट्स मोटारसायकल आली की पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुधा ठरलेली असते. गाडी पळते छान, दिवा लखलखीत आहे, आवाजही मुलाच्या मनासारखा आहे. पण उभी केली की न्यूट्रल सापडत नाही. पहिल्या गिअरमधून लिव्हर वर उचलावी तर गाडी थेट दुसऱ्यात जाते. दुसऱ्यातून खाली दाबावी तर थेट पहिल्यात. मधला हिरवा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत असतो, आणि आमचा तरुण शिवणयंत्र चालवावं तसा डावा पाय खालीवर करीत बसलेला असतो.

वडिलांना याचं नवल वाटतं. त्यांची जुनी शंभर सीसीची गाडी इतक्या वर्षांत अशी कधी अडली नाही. मग एवढे पैसे मोजून सदोष गाडी गळ्यात पडली की काय, अशी शंका घरात निघते. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मात्र न्यूट्रल का सापडत नाही हे समजून न घेता लिव्हरला लाथा घालत राहिलं, तर चांगल्या गाडीत दोष निर्माण होऊ शकतो, आणि एखाद्या दिवशी अपघातही.

आधी गिअरांची रांग पाहू. शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांत न्यूट्रल रांगेच्या एका टोकाला असतं आणि पुढे सगळे गिअर एकाच दिशेने पडतात. लिव्हरलाही दोन टोकं, एक पंजासाठी आणि एक टाचेसाठी. उलट दाबत दाबत गेलं की शेवटी न्यूट्रल येणारच. अंधारात भिंतीला हात लावून कोपरा गाठावा, तितकं सोपं. स्पोर्ट्स गाडीत क्रम निराळा आहे. सगळ्यांत खाली पहिला, त्याच्या वर न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, असे पाच किंवा सहा गिअर. म्हणजे न्यूट्रल टोकाला नसून पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये आहे, आणि तिथे जायला लिव्हर पुरती उचलायची नसते, निम्मीच उचलायची असते. शिवाय ती जागा दाखवणारी आतली खाच इतर गिअरांच्या खाचांपेक्षा उथळ असते.

अशी रचना कारखान्याने मुद्दाम केलेली आहे. घाट उतरताना किंवा अचानक वेग कमी करताना चालवणारा भराभर गिअर खाली टाकतो. रांगेच्या टोकाला न्यूट्रल असतं, तर ऐन उतारावर इंजिनाचा रोध सुटला असता आणि गाडी मोकाट धावली असती. म्हणून टोकाला पहिला गिअर ठेवला. न्यूट्रलची खाच उथळ ठेवली ती यासाठी, की चालत्या गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी मध्येच अडकून पडू नये. वेगासाठी केलेली ही सोय उभ्या गाडीला त्रास देते, एवढंच.

पण खाच अरुंद आहे म्हणून ती सापडूच नये असं नाही. खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्समध्ये डोकावलं पाहिजे.

मोटारसायकलच्या गिअरचाकांचे दात एकमेकांत कायम गुंतलेले असतात. गिअर टाकताना ते दात आतबाहेर होत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यांतली काही चाकं आपल्या दांड्यावर बाजूला सरकतात. सरकणाऱ्या चाकाच्या अंगावर जाड खुंट्या असतात आणि शेजारच्या चाकाला त्यांच्यासाठी खाचा. खुंट्या खाचांत शिरल्या की दोन्ही चाकं एक होऊन फिरतात. आपण म्हणतो गिअर पडला. खुंट्या बाहेर आल्या आणि दुसरीकडे कुठे शिरल्या नाहीत, की ते न्यूट्रल.

आता बैलगाडी आठवा. बैलाने मानेने शिवळीला रेटा दिलेला असताना ती शिवळ जुवातून काढून बघा. निघत नाही. जोर केला तर एकदम सुटून हातात येते. बैल जरा सैलावला की दोन बोटांनी निघते. खुंट्यांचं अगदी असंच आहे. त्यांच्यावर रेटा असेल तोवर त्या खाचांतून सुटत नाहीत. आपण पायाचा जोर वाढवतो, मग त्या एकदम सुटतात, आणि साठलेल्या जोराने लिव्हर न्यूट्रलची उथळ खाच ओलांडून दुसऱ्या गिअरात जाऊन बसते. जोरकस गाड्यांत तर या खुंट्यांच्या बाजू बहुधा किंचित आतून तिरप्या कापलेल्या असतात. ओढ लागली की त्या अधिकच घट्ट धरतात, म्हणजे वेगात गिअर आपोआप सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, क्लच तर पुरता दाबलेला आहे, मग रेटा आला कुठून? प्रश्न रास्त आहे. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्यांची चवड. काही चकत्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, काही गिअरबॉक्सच्या दांड्याला जोडलेल्या. बहुतेक मोटारसायकलींत ही चवड इंजिन ऑइलमध्येच भिजत असते. क्लच दाबला की चकत्या मोकळ्या होतात, पण त्यांच्यामधला तेलाचा थर कुठे जात नाही. इंजिन मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे फिरत असतं. तो चिकट थर दुसऱ्या चकत्यांनाही थोडं थोडं ओढत राहतो. मागचं चाक जमिनीवर उभं आहे, त्याला फिरायचं नाही. एकीकडून ओढ, दुसरीकडून अटकाव, आणि मध्ये सापडतात त्या आपल्या खुंट्या.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. स्टीलच्या दोन सपाट थाळ्या घ्या. एकीवर गोडेतेल पसरा, दुसरी तिच्यावर ठेवा आणि खालची सावकाश फिरवा. वरची कुठेही बांधलेली नाही, तरी ती बरोबर फिरू पाहते. तिच्या कडेला बोट लावून थांबवा. बोटाला ओढ जाणवेल. मग थंडीच्या सकाळी हाच प्रयोग थिजू लागलेल्या खोबरेल तेलाने करा. ओढ किती वाढते ते मुलांनाच सांगू द्या. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना न्यूट्रल का त्रास देतं, याचं उत्तर त्या थाळ्यांत आहे. शिवाय थंड इंजिनाचे फेरे सुरुवातीला जास्त असतात, त्यानेही ओढ वाढते.

नव्या गाडीत हे सगळं जरा अधिक. खुंट्यांच्या नि खाचांच्या कडा अजून घासून बसलेल्या नसतात. क्लचची केबल नवी असते; पहिल्या काही शे किलोमीटरांत ती बसते, थोडी लांबते, आणि मग मूठ पुरती आवळली तरी चकत्या पुरत्या सुटत नाहीत. गाडीसारखा पायही नवाच असतो, हे वेगळं.

तर करायचं काय? गाडी पुरती थांबायच्या आतच न्यूट्रल करावं. फाटकाजवळ येताना वेग माणसाच्या चालीइतका झाला, गाडी दुसऱ्यात आहे, अशा वेळी क्लच पुरता दाबून पंजाने लिव्हरला हलकी टिचकी द्यावी. चाक फिरत असलं की खुंट्यांवरचा रेटा क्षणाक्षणाला बदलतो, बैल सैलावतो आणि शिवळ निघते. पहिल्यात थांबूनच गेलात, तर ब्रेक सोडून क्लच दाबलेला ठेवून गाडी पायाने वीतभर पुढेमागे ढकला आणि लिव्हर अंगठ्याने हळूच उचला. तेही जमलं नाही तर इंजिन बंद करा. तेलाची ओढ तिथेच संपते. यात कमीपणा काही नाही. ज्याने गाडी घेतली त्याला मात्र तो वाटतो, आणि तो लाथा घालत राहतो. अशा लाथांनी लिव्हर वाकते, आणि चाकं सरकवणारा आतला काटाही वाकू शकतो. मग गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

हिरव्या दिव्याबद्दल एक इशारा देणं जरूर आहे. तो दिवा एका लहानशा स्विचवर चालतो आणि खुंट्या पुरत्या सुटल्याची हमी देत नाही. कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे उभे असताना दिवा दिसला म्हणून कोणी मूठ एकदम सोडली, आणि गिअर पुरता सुटलेला नसला, तर गाडी झेप घेते. समोर ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस असतात. दिवा लागल्यावरही ब्रेक धरूनच मूठ सावकाश सोडावी.

या दुखण्यावर कारखानदारांनीही उपाय काढले. जुन्या चार गिअरांच्या बुलेटला गिअरबॉक्सवर एक जादा लिव्हर असे. पहिला सोडून कुठल्याही गिअरात असा, टाचेने ती दाबली की थेट न्यूट्रल. पुढे पाच गिअर आले आणि ती लिव्हर गेली. जुने बुलेटवाले अजून तिची आठवण काढतात. जपानच्या कावासाकीची युक्ती आणखी मौजेची आहे. तिच्या अनेक गाड्यांत एका गिअरचाकात तीन पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. गाडी चालती असली की फिरण्याच्या जोराने गोळ्या बाहेर फेकल्या जातात आणि चाक मोकळं सरकतं. गाडी थांबली की वरची गोळी आपल्या वजनाने दांड्यावरच्या खाचेत उतरते आणि चाकाला दुसऱ्या गिअरकडे जाऊ देत नाही. मग पहिल्यातून लिव्हर कितीही जोराने उचला, गाडी न्यूट्रलमध्येच थांबते. विहिरीत पोहरा पडावा इतका साधा नियम, पण कामाला लावला कसा!

ज्यांच्या गाडीत गोळ्या नाहीत, त्यांनी दोष आहे की नाही हे असं ओळखावं. इंजिन गरम होऊ द्या. चालू इंजिनावर न्यूट्रल लागत नाही, पण बंद केल्याबरोबर लागतं, असं असेल तर गिअरबॉक्स चांगला आहे. ओढ क्लचमध्ये आहे. सपाट जागी पहिल्यात क्लच पुरता दाबूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर शंकाच नको. मुठीचा मोकळा खेळ, ज्याला मेकॅनिक प्ले म्हणतात, तो तपासा. बऱ्याच गाड्यांत मुठीच्या टोकाशी तो 10 ते 20 मिलिमीटर असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत छापलेला आहे. जास्त असेल तर केबल आवळून घ्या. अगदी शून्य मात्र करू नका, नाहीतर क्लच घसरून चकत्या जळतील. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचंच घाला, आणि पातळी काचेवरच्या वरच्या खुणेच्या वर नेऊ नका. मोटारीचं तेल स्वस्त मिळालं तरी नको. त्यातल्या काही तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी भिजलेला क्लच घसरतो.

इंजिन बंद असताना, गाडी पुढेमागे ढकलूनही न्यूट्रल लागत नसेल, तर मात्र तो घरगुती उपायाचा विषय नव्हे. गिअरची लिव्हर वाकली आहे का, ती पायाच्या मानाने फार वर किंवा खाली बसली आहे का, एवढं बाहेरून पाहावं. आतलं काम शोरूमवर सोपवावं, आणि तेही हमीची मुदत चालू असताना. नाक्यावरच्या गॅरेजात इंजिन उघडलं, की हमीचं बोलणं अवघड होतं. पहिल्या सर्व्हिसला जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. न्यूट्रल थंड इंजिनावर अडतं की गरम, चालू इंजिनावर अडतं की बंद असतानाही, आणि किती किलोमीटरांपासून. तिथे गर्दीत गाडी घेणारा माणूस वेगळा असतो आणि ती खोलणारा वेगळा, म्हणून हा कागद जॉब कार्डाला टाचून द्यावा.